बघायचं तर गप बघ, नाहीतर ऊठ

सांगलीच्या गावभागातून एकाचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालाय, नाही छापत. वय तेहतीस, मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेबाचं काम बघतो. पत्र चांगलं लांबलचक आहे, त्यातलं कामाचं तेवढं देते.

"ताई, दहावीत होतो तेव्हापासून आमच्या घरात 'तारक मेहता का उल्टा चष्मा' बघतात. जेवायची वेळच ती. पण आता खरंच बघवत नाही, काही घडतच नाही त्यात. आई मात्र अजून साडेआठला सगळं आवरून टीव्हीसमोर बसते. मी शेजारी बसून रोज बडबडतो, हे काय फालतू, किती ताणलंय, तर परवा आई म्हणाली, 'बघायचं तर गप बघ, नाहीतर ऊठ.' सहा वर्षांची पोरगी तिकडं मोबाईलवर जुने भाग लावल्याशिवाय घास घेत नाही. आणि आमचा शाळेतल्या दोस्तांचा ग्रुप आहे, त्यात या सिरीयलवरनं दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते जेठालालची बायको दया २०१७ ला गेली तेव्हाच संपली, आता बघणारे येडे आहेत, तुमच्यासारखे बघतात म्हणूनच चालू आहे. दुसरी म्हणते दिवसभर डोकं पिकलेलं असतं, वीस-बावीस मिनटं बरं वाटतं, तुमचं काय जातंय. त्या दुसऱ्या पार्टीतल्या एकाला मी लिहिलं, तुझी अक्कल पण २०१७ लाच थांबली. तो ग्रुप सोडून गेला. फोन उचलत नाही. तर आता सांगा, ही सिरीयल अजून बघण्यासारखी आहे का? आणि आमच्यात बरोबर कोण?"

ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करते, चालेल ना.

आता तुला वाटत असेल की ही बाई म्हणणार, अरे बाळा, भांडण सिरीयलचं नाहीच मुळी, ते मैत्रीचं आहे, आईच्या एकटेपणाचं आहे, काळ बदलल्याचं आहे, वगैरे वगैरे. नाही म्हणणार. भांडण सिरीयलचंच आहे आणि सतरा-अठरा वर्षं जी गोष्ट घरात रोज जेवायला असते तिच्यावरनं भांडण होणार नाही तर कशावरनं होणार, तेव्हा आधी तिचंच बोलू, अक्कल-बिक्कल नंतर.

सरळ उत्तर आधी देऊन टाकते. तुझ्यापुरती नाही. सोड. रोज बसून रोज चिडायचं आणि परत उद्या साडेआठला तिथंच, याला बघणं म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात. पण ती का बिघडली याबद्दल तुमच्या ग्रुपवर जे चाललंय ना, "दया गेली आणि संपलं", ते मला अर्धवट वाटतं, आणि त्या अर्धवट कारणामुळंच तुमचं भांडण मिटत नाहीये असं माझं मत आहे.

माणसं बदलली म्हणून सिरीयल पडली म्हणावं तर बघ, डॉक्टर हाथी करणारे कवी कुमार आझाद २०१८ साली गेले, त्यांच्या जागी निर्मल सोनी आले, लोकांनी चार दिवस हळहळ केली आणि स्वीकारलं. शेजारच्या भिडेची पोरगी सोनू तर किती वेळा बदलली, जेठालालचा पोरगा टप्पू आता तिसरा आहे. शैलेश लोढा २०२२ मध्ये बाहेर पडले, सचिन श्रॉफ आले, ज्यांच्या नावानं सिरीयल आहे ते पात्रच बदललं की, तरी कुणाच्या घरातला टीव्ही बंद पडला नाही. आणि तू तर सांगलीचा आहेस, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर हे नाटक उभं केलं ते तुझ्याच गावात, तुम्हा लोकांना नट बदललेला चालत नाही असं मी तरी मानायला तयार नाही. नाटकाच्या जाहिरातीत "नव्या संचात" असं छापून येतं आणि लोक मुद्दाम जातात, नवा कसा करतोय बघायला, आणि बाहेर चहा पिताना जुन्याची आठवण काढून नव्याला मार्क देतात. तो पण एक आनंदच असतो राव.

दयाच्या बाबतीत झालं ते वेगळंच. दिशा वकानी २०१७ साली बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि परत आल्या नाहीत, तो त्यांचा प्रश्न, त्यात आपण बोलायचं काही कारण नाही. पण सिरीयलवाल्यांनी काय केलं, तर नवी दया आणली नाही आणि जुनीला कथेतून नीट निरोपही दिला नाही. ती अहमदाबादला माहेरी आहे. एवढी वर्षं माहेरी! कधी तिचा भाऊ सुंदर सांगतो ताईला घेऊन येतोय, जेठालाल नटून-थटून तयार, सोसायटीत सजावट, सगळ्यांचे डोळे गेटकडं, आपणही ताट घेऊन टीव्हीसमोर, आणि मग काहीतरी होतं आणि ती येतच नाही. एकदा झालं, ठीक. परत परत झालं की मग लोक चिडतात, आणि ते चिडणं माणूस गेल्याचं नसतं, गंडवल्याचं असतं. तुला आठवत असेल, दयाची आई आपल्याला फक्त फोनवर माहीत, तोंड कधी दाखवलंच नाही, तो एक मस्त जोक होता. आता दयाही तशीच झालीय, फक्त आता तो जोक राहिला नाही.

तरीपण माझ्या मते खरं दुखणं दया नाही. २०१७ म्हटलं की सगळ्यांना दया आठवते, पण त्याच वर्षी पहिला टप्पू, भव्य गांधी, तोही बाहेर पडला, आणि ते कुणी धरतच नाही. जुना एखादा भाग डोळ्यांसमोर आण. पोरं कंपाउंडमध्ये क्रिकेट खेळतायत, टप्पूचा बॉल भिडेच्या खिडकीवर, काच खळ्ळकन, भिडे बाल्कनीत, तिथनं ओरडत खाली, आणि मग तक्रार घेऊन जेठालालच्या दारात, जेठालाल आधीच दुकानाच्या टेन्शनमध्ये, तो दहा कारणं सांगतो, तेवढ्यात मागून त्याच्या बापूजींचा, म्हणजे चंपकचाचांचा आवाज, जेठालालची मान खाली, दया मधे पडते आणि जे मिटत आलेलं असतं ते अजून वाढवून ठेवते. बघ यात किती माणसं एकमेकांत अडकलीत, आणि सुरुवात कुठनं, तर एका दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या बॉलपासनं. २००८ साली ती पोरं खरंच पोरं होती. ती मोठी झाली, मिशा आल्या, कॉलेजात गेली, आता कॉलेजातलं पोरगं काच फोडून पळायला लागलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे, पोलीसकेस होईल. म्हणजे बघ, काच फुटायची थांबली, मग भिडेला भांडायला कारण नाही, जेठालालला लपायला कारण नाही, बापूजींना ओरडायला कारण नाही. हे सगळं दया असताना पण हळूहळू होत चाललं होतं, तिच्यामुळं झाकलं गेलं इतकंच. उद्या ती परत आली तरी ती काच काही फुटणार नाही.

(भिडे मास्तर हे पात्र आपल्या घरात एवढं का चाललं यावर कधीतरी वेगळं लिहायचंय मला. हिंदी सिरीयलमधला मराठी माणूस एरवी हवालदार नाहीतर कामवाली, आणि इथं चक्क ट्यूशन घेणारा सेक्रेटरी, लोणची-पापडाचा धंदा करणारी बायको, सखाराम नावाची स्कूटर. कंजूष दाखवलाय, तत्त्वाचा दाखवलाय, पण आपल्यातलाच वाटतो. माझ्या माहितीतल्या एका सेक्रेटरींना त्यांच्या अपार्टमेंटमधली पोरं तोंडावर भिडेच म्हणतात आणि त्यांना ते आवडतंसुद्धा. असो.)

दुसरं म्हणजे मूळ माल. ही सिरीयल तारक मेहतांच्या गुजराती सदरावरनं निघाली, चित्रलेखा साप्ताहिकात १९७१ पासून ते चालायचं. सदर म्हणजे काय, आठवड्याला एक छोटा प्रसंग, सुरू झाला, रंगला, संपला. सुरुवातीची सिरीयलही तशीच होती, दोन-चार दिवसांत एक भानगड मिटायची. आता चार हजारांच्या वर भाग झालेत. एक भाग बावीस मिनिटांचा धरला तर चार हजार भागांचे झाले साधारण १४६६ तास, म्हणजे न झोपता न जेवता सलग एकसष्ट दिवस. एका सोसायटीतल्या दहा-पंधरा घरांत एवढं घडणार तरी काय? मग काय करतात, रस निघून गेलेलं चिपाड परत परत चरकात घालतात. कुणीतरी एक वाक्य बोलतो, मग कॅमेरा सगळ्यांच्या तोंडावरनं फिरतो, जेठालाल, अय्यर, सोढी, पोपटलाल, प्रत्येकाला एकेक ढ्याण करून आवाज, मग तेच वाक्य दुसरा कोणतरी प्रश्नार्थक बोलतो, परत सगळी तोंडं. आज रात्री एक कर, शेवटचं बसतोयस असं समज, आणि भाग संपल्यावर आज काय घडलं ते कागदावर लिही. एक वाक्य भरलं तर पुष्कळ झालं.

आणि नवीन काहीच जमत नाही असं नाही हं. एखाद्या दिवशी जेठालाल आणि बापूजी दोघंच असतात आणि दिलीप जोशी नुसतं तोंड पाडून उभे राहतात तरी हसू येतं, त्या माणसाचं टायमिंग अजून आहे तसं आहे, शिवाय बापूजी झालेले अमित भट्ट वयानं त्यांच्यापेक्षा लहान आहेत हे माहीत असून पण आपल्याला ते खरे बाप-लेक वाटतात, ही काय साधी गोष्ट नाही. पण असा एक तुकडा मिळायला आठवडाभर बसायचं का, हा तुझा प्रश्न आहे, आणि तुझं उत्तर तुला आधीच माहितीय, पत्रात ओळीओळीत दिसतंय.

आता ते "तुमच्यासारखे बघतात म्हणून चालू आहे" बघू, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त वाद त्याचाच दिसतोय. हे साफ चुकीचं आहे. टीआरपी, म्हणजे किती लोक बघतात तो आकडा, काढायला तुझ्या घरात कोणी येऊन बघत नाही. बार्क नावाची संस्था आहे, ती ठरावीक घरांत मीटर बसवते, ते मीटर टीव्हीच्या आवाजातली चॅनलची खूण ओळखतं, घरातला जो माणूस बघत असेल त्यानं रिमोटवर स्वतःचं बटण दाबायचं असतं. २०२० साली तो टीआरपी घोटाळा गाजला ना, मुंबई पोलिसांनी केस केली होती, तेव्हा अशी घरं देशभरात ४४ हजारांच्या आसपास होती, आणि टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर. म्हणजे साडेचार-पाच हजार घरांमागं एक मीटर. कुठल्या घरात आहे हे गुपित असतं, पण ज्या घरात असतं त्यांना ते माहीत असतं, आणि तुझ्या घरात असतं तर तू मला पत्रात पहिलं तेच लिहिलं असतंस. म्हणजे तुझ्या आईनं बघितलं काय, नाही बघितलं काय, त्या आकड्यात काडीचा फरक पडत नाही. बहिष्कार घाला, बंद पाडा, हे सगळं आपण टीव्हीवर नुसतं मनाच्या समाधानासाठी करतो.

मोबाईलवर मात्र उलटं आहे. तिथं प्रत्येक क्लिक मोजली जाते. तुमच्या ग्रुपमधले ते "आता बघणारे येडे" म्हणणारे लोक रात्री झोपताना काय बघतात विचार त्यांना. "दया की वापसी", "फलाण्यानं शो का सोडला", "सेटवर नक्की काय झालं", असले व्हिडिओ. शिव्या द्यायला म्हणून उघडतात, खाली कमेंट टाकतात, चार जणांना फॉरवर्ड करतात. तिथली मोजणी तुम्ही प्रेमानं क्लिक केलं का रागानं हे विचारत नाही. सिरीयलची हवा टिकवून ठेवण्यात तुझ्या आईपेक्षा या मंडळींचा हात जास्त आहे, हे त्यांना सांग, माझ्या नावावर सांग.

मग बरोबर कोण? सिरीयल घसरलीय यात पहिली पार्टी बरोबर, कारण चुकीचं सांगतात आणि बघणाऱ्याला नावं ठेवतात तिथं त्यांचं चुकतं. दुसऱ्या पार्टीशी माझं फक्त एक भांडण आहे. डोकं पिकलंय म्हणून बघतो हे कारण एकदम चोख आहे, त्याला कुणी काही म्हणू नये, पण मग ती अजून पूर्वीसारखीच भारी आहे असं सिद्ध करत बसू नका. थकून आल्यावर माणूस जे दिसेल ते बघतो, त्याला पुरावे लागत नाहीत.

आईचं. आई तुझ्यापेक्षा हुशार आहे एवढं मला त्या एका वाक्यावरनं कळलं. ती हसायला बसत नाही तिथं, म्हणजे हसली तर हसली. साडेआठला स्वयंपाकघर आवरलेलं असणं, कुणाचा खून नाही, कुणी सुनेला विष घालत नाही, नातीसमोर आवाज कमी करायला लागत नाही, मधे उठून दार उघडून आलं तरी काही चुकत नाही, हातात लसूण सोलायला घेता येतो. आता विचार कर, "काही घडत नाही" ही तुझी तक्रार आणि तीच तिची सोय. दुसऱ्या दिवशी आमराईत फिरायला जात असेल तर तिथल्या बायकांत काल काय झालं हे बोलायला लागतं, त्याला कालचाच भाग लागतो. म्हणून तुझ्या डोक्यात ती आयडिया येईल ना, की आईला यूट्यूबवर जुने चांगले भाग लावून देतो, ते करू नकोस. ते तिनं बघितलेत, तेव्हा तू दहावीचा अभ्यास टाकून शेजारी बसला होतास. तू फक्त ऊठ तिथनं. आणि बसायचंच असेल तर लसूण सोल, तोंड मिटून.

पोरीचं थोडक्यात. मोबाईल लावल्याशिवाय घास नाही ही सवय मोडायलाच पाहिजे आणि ती सिरीयलशी संबंधित नाही, तिथं छोटा भीम असता तरी मी हेच म्हटलं असतं. जेवण आधी, भाग नंतर, सुरुवातीला रडेल, तुम्ही दोघं नवरा-बायको एकमताचे राहा म्हणजे झालं, आजीला पण आधीच सांगून ठेवा नाहीतर ती मागच्या दारानं मोबाईल देईल. बाकी ती बघतेय ते जुने भाग आहेत, काच फुटणारे, तेव्हा जेवण झाल्यावर तिच्याबरोबर तूच बस की. तुला जी सिरीयल पाहिजे ती तुझ्याच घरात, तुझ्याच मोबाईलवर चालू आहे आणि तू बाहेरच्या खोलीत बसून नव्या भागावर कुरकुर करतोयस.

राहिला तो मित्र. तू लिहिलंस ते सिरीयलवरचं मत नव्हतं, ते त्याच्यावर होतं, आणि तेही शाळेतल्या चार लोकांसमोर ज्यांच्यासमोर माणूस कितीही मोठा झाला तरी पटकन लहान होतो. त्याचं सध्या कामाचं-घराचं काय चाललंय हे तू पत्रात कुठंच लिहिलं नाहीस, कदाचित तुला माहीतच नसेल, आणि तो म्हणत होता डोकं पिकलेलं असतं. मेसेज करू नकोस. व्हॉइस नोट तर बिलकुल नको. विश्रामबागेत राहतो म्हणालायस, गावभागातनं गाडीवर कितीसा वेळ लागतो, जा रविवारी सकाळी, जाताना भडंग घेऊन जा, घरात लहान पोरं असतील तर रिकाम्या हातानं जाऊ नये. माफी त्या अकलेच्या वाक्याची माग, मताची मागू नकोस, नाहीतर त्याला कळेल की खोटं बोलतोयस. तो म्हणेल, मग अजून बघतोस का, तर खरं सांग, सोडली म्हणून. मग तो त्याची बाजू मांडेल, ऐकून घे, मधे मधे नाक खुपसू नकोस, पाहिजे तर काचेचा मुद्दा काढ, त्यावर तुमचा तासभर आरामात जाईल.

आणि ग्रुपवर परत घेताना आधी त्याला विचार. काही लोकांना असं न विचारता ॲड केलेलं आवडत नाही.